गाण्यांच्या नावाजागी पुन्हा पुन्हा प्रश्नचिन्हं येतात? प्लेअर बदलण्याआधी हे बघा

श्रावणातला रविवार. अमळनेरपासून आत, मामांच्या गावी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशची देवी, बसली होती. नारळाला नथ-डोळे लावून झाले होते, रोटाचं जेवण उरकलं होतं आणि बायका रात्र जागवायला अंगणात जमल्या होत्या. गाणाऱ्या आजी आता थकल्यात. त्यांचीच पूर्वी कॅसेटवर भरलेली गाणी मी लॅपटॉपवरून स्पीकरला लावतो, बाकीच्या मागून म्हणतात. फोल्डर उघडलं. बारा ओळी, आणि बाराही ओळींत नुसती प्रश्नचिन्हं.

मामी मागून म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ? गाना कोठे गयात?"

गाणी होती. नावं गेली होती. एकेक वाजवून बघत बसलो, तर कानबाईच्या गाण्याऐवजी हळदीचं गाणं सुरू झालं आणि अंगणात हशा पिकला. हे सलग तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी फुकटचा प्लेअर होता, तेव्हा म्हटलं, फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी एकदा गाण्यांची लायब्ररी सांभाळून दाखवावी. दुसऱ्या वर्षी तीनेक हजार मोजून पैशाचा प्लेअर घेतला. आठ महिने नावं नीट दिसली, मग परत तेच. त्या सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. हे कळायला मला तिसरं वर्ष लागलं, तुम्हाला लागू नये म्हणून लिहितोय.

माझा पसारा सांगतो, म्हणजे अंदाज येईल: बाहेरच्या हार्ड डिस्कवर नऊ हजारांच्या आसपास गाणी, साधारण ६० जीबी. अर्धी वडिलांच्या कॅसेटवरून भरलेली, बाकी सीडीवरची आणि इकडून तिकडून आलेली. विंडोज लॅपटॉप, एक फोन, आणि चुलतभावाच्या टेम्पोतला पेन ड्राइव्हवाला प्लेअर.

वही आणि पेटी

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सोपं आहे. प्लेअर म्हणजे गाण्यांची पेटी नव्हे. पेटी म्हणजे तुमचं फोल्डर. प्लेअर फक्त वाण्यासारखी एक वही ठेवतो: अमुक गाणं, अमुक गायिका, अमुक ठिकाणी ठेवलंय. ही माहिती तो फायलीच्या आतल्या टॅगमधून, म्हणजे गाण्यासोबतच साठवलेल्या नाव-गायिकेच्या चिठ्ठीतून, उचलतो. टॅगच नासका असेल तर फुकटचा प्लेअरही नासकं दाखवणार आणि पाच हजारांचाही. वरून आपण नाव दुरुस्त करतो, गाण्याला तारे देतो, ते पुष्कळदा फक्त वहीत लिहिलं जातं, फायलीत जात नाही. वही फाटली की सगळी मेहनत पाण्यात. आणि वही फाटायला आपल्याकडे फार काही लागत नाही, लिहिणं चालू असताना लाइट गेली तरी पुरे.

म्हणून पहिली तपासणी अशी: ज्या गाण्याचं नाव बिघडलंय ती एकच फाइल दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्ये उघडा. तिथे नाव नीट दिसलं तर वही बिघडलीय, प्लेअरमधली लायब्ररी (म्हणजे हीच वही) पुन्हा बनवा. तिथेही बिघडलेलंच दिसलं तर पुढे वाचा.

बिघाड कोणत्या जातीचा

सगळ्यांना आपण "नावं उडाली" म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर घाबरू नका. फायलीतलं नाव शाबूत आहे, त्या यंत्राकडे देवनागरीचा फॉन्ट नाही एवढंच. टेम्पो-गाडीतल्या प्लेअरवर हे हमखास होतं. तिथे फॉन्ट टाकता येत नाही, त्याचा उपाय खाली पेन ड्राइव्हच्या भागात आहे.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅमने देवनागरी अक्षर न कळल्यामुळे त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलंय. मूळ अक्षर त्या जागेतून पुसलं गेलं, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. यामागचं कारण मजेशीर आहे. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकाच यादीत आकडे देणारी पद्धत) न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजमध्ये रशियन, ग्रीक, अरबी अशा लिप्यांची कोडपेजं, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे सांगणारे तक्ते, होती. देवनागरीसाठी अशा प्रोग्रॅमना वापरता येईल असं कोडपेज कधी आलंच नाही, आपली लिपी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडवर बसून. त्यामुळे जुना प्रोग्रॅम आणि मराठी नाव यांची गाठ पडली की प्रश्नचिन्हच.

तिसरी जात: डोक्यावर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ए, त्याच्याशेजारी जपानी येनचं चिन्ह किंवा चार शिंगं फुटलेलं गोलसर चिन्ह, आणि हे दर दोन-तीन अक्षरांनी परत परत. दिसायला सगळ्यात भयंकर, पण बरं होणारं दुखणं हेच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची एक पद्धत) तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच. तो युरोपीय अक्षर म्हणून वाचला की तिरप्या रेघेचं ए दिसतं. बाइट जागेवर आहेत, वाचणारा चुकतोय. टॅग दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये कोडपेज बदलायची सोय असते, ती वापरून नाव परत आणता येतं.

चौथी जात जुन्या सीडींवर भेटते. इंग्रजी अक्षरं स्वच्छ दिसतात, पण अर्थ शून्य. कुणीतरी ते नाव कृतिदेव किंवा तसल्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. कृतिदेवमधलं "अहिराणी" दुसऱ्या फॉन्टमध्ये व्ही-एफ-जी-जे-के-टिंब-के-एच असं दिसतं. माझ्याकडच्या लग्नाच्या गाण्यांच्या अख्ख्या सीडीवर हाच प्रकार होता आणि मी ती कितीतरी दिवस खराब समजत होतो. फॉन्ट ते युनिकोड रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात, त्यात नाव चिकटवा, मराठी बाहेर येईल.

मग परत परत का होतं?

माझ्या डोक्याला खरा ताप झाला तो इथे. एमपी३ फायलीत नावं ठेवायच्या दोन जागा असतात, दोन्हींचं नाव आयडी३: जुनी ती १, नवी ती २. जुनी जागा १९९६ सालची, फायलीच्या अगदी शेपटीला १२८ बाइटचा तुकडा, त्यात शीर्षकाला फक्त ३० बाइट. आत कोणती लिपी आहे हे सांगायची सोयच त्यात नाही. नवी जागा फायलीच्या सुरुवातीला असते, तिची २.३ ही आवृत्ती १९९९ ची आणि २.४ ही २००० ची. नव्या जागेत नाव कितीही लांब असू शकतं आणि देवनागरी नीट बसते.

मी कॅसेट भरताना एक जुनाट रूपांतराचा प्रोग्रॅम वापरत होतो. तो शेपटीत प्रश्नचिन्हं लिहायचा. मी प्लेअरमध्ये बसून नवीन जागेतलं नाव दुरुस्त करायचो, शेपटी तशीच राहायची. काही महिन्यांनी लायब्ररी नव्याने बनवली, किंवा फायली दुसऱ्या प्रोग्रॅममधून गेल्या, की शेपटीतला कचरा पुन्हा वर. घर झाडायचं आणि कचरा दारामागे ढकलून ठेवायचा, तसा प्रकार.

उपाय फुकटात झाला. एमपी३टॅग नावाचा प्रोग्रॅम विंडोजवर फुकट आहे (मॅकवर मात्र विकत). त्याच्या टूल्स, ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग या भागात तीन रकाने आहेत: वाचा, लिहा, काढा. "लिहा" खाली आयडी३ २.३ आणि यूटीएफ-१६ ठेवा, आयडी३ १ ची खूण काढून टाका. २.४ नवी असली तरी पुष्कळ जुनी यंत्रं ती वाचत नाहीत, म्हणून २.३. मग "काढा" खाली फक्त आयडी३ १ वर खूण ठेवा, बाकी सगळ्या खुणा काढा. आता फायली निवडून कंट्रोल-आर दाबलं की फक्त शेपटी कापली जाते.

"बाकी सगळ्या खुणा काढा" हे वाक्य पुन्हा वाचा. मी एकदा रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना, ती खूण काढायला विसरलो आणि कंट्रोल-आर दाबलं. २१४ फायलींची नावं, गायिका, गाव, सगळं एका झटक्यात साफ. प्रतही ठेवली नव्हती. तेव्हा आधी दहा फायलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, तिच्यावर करून बघा, मग अख्ख्या पेटीला हात लावा. काम झालं की त्या खुणा पूर्ववत करा.

प्रश्नचिन्हं झालेल्या फायलींचं नाव कुठून आणायचं? निदान फाइलचं नाव तरी मराठीत शाबूत असेल तर त्याच प्रोग्रॅममध्ये फाइलच्या नावावरून टॅग भरायची सोय आहे. "०३ - गाण्याचं नाव" अशी एकसारखी पद्धत ठेवली असेल तर शंभर फायली मिनिटात होतात.

लाल उद्गारचिन्ह

हे लवकर उरकतो. गाण्याच्या आधी उद्गारचिन्ह येतं आणि "फाइल सापडत नाही" म्हणतं, पण डिस्क तर समोर लावलेली असते. वहीत पत्ता लिहिलेला असतो ई ड्राइव्हचा, आणि आज आधी पेन ड्राइव्ह लावल्यामुळे डिस्कला एफ मिळालेलं असतं. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्कवर राइट क्लिक करा, ड्राइव्हचं अक्षर बदलून एम किंवा पी असं लांबचं द्या. तिथे सहसा दुसरं कुणी येऊन बसत नाही. मग लायब्ररीला एकदाच नवीन पत्ता सांगा. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत गेलात तर आणखी एक लफडं आहे: विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की पुष्कळ प्रोग्रॅम ती फाइल उघडतच नाहीत. मराठी लोकांना फोल्डरचं नाव पत्रिकेवरच्या मजकुराएवढं लांब ठेवायची हौस असते. माझ्याकडे एका फोल्डरच्या नावात आख्ख्या वऱ्हाडाची हकिगत होती.

एकच अल्बम बारा तुकड्यांत

गुलाबाईच्या गाण्यांची एक कॅसेट, बारा गाणी, बारा मुली गायलेल्या. प्लेअरमध्ये बारा वेगळे अल्बम दिसतात, प्रत्येकात एकच गाणं. कारण अल्बम आर्टिस्ट हा रकाना रिकामा आहे. गायिकेचा रकाना प्रत्येक गाण्याला वेगळा असू दे, पण अल्बम आर्टिस्टमध्ये बाराही गाण्यांना एकच शब्द टाका: "विविध गायिका". बास. ज्यांनी हे वाचून प्लेअर विकत घ्यायचा बेत रद्द केला त्यांनी मला चहा पाजावा.

पण तो शब्द अक्षरशः एकच हवा. आणि इथे मराठीची खास खोड आहे, जी इंग्रजी मार्गदर्शनात कुठे सापडणार नाही. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक सबंध अक्षर, दुसरं "अ" वर चंद्र. डोळ्याला सारखंच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसंच "ऱ्या" मधला ऱ: एक सबंध, दुसरा "र" खाली नुक्ता देऊन केलेला. फोनवरच्या कीबोर्डने एक लिहिलं, लॅपटॉपवरच्याने दुसरं, की "वऱ्हाडी गाणी" नावाच्या शेजारी शेजारी दोन याद्या तयार, आणि शोधल्यावर अर्धीच गाणी सापडणार. माझ्याकडे तर बहिणाबाई चौधरींची नोंद चार प्रकारे होती: नुसतं बहिणाबाई, पूर्ण नाव, "बहीणाबाई" अशी दीर्घ ही, आणि नावाच्या मागे एक मोकळी जागा असलेलं. त्यातही त्या कवयित्री, गायलंय दुसऱ्याच कुणी. त्यांचं नाव गीतकाराच्या (लिरिसिस्ट) रकान्यात हवं, गायकाच्या नव्हे.

इलाज: टॅगचं काम एकाच कीबोर्डवरून करा आणि ही भांडखोर अक्षरं शोधा-बदला करून एकदा सारखी करून घ्या.

टेम्पोतला पेन ड्राइव्ह

चुलतभावाची तक्रार वेगळी: "पहिलं गाणं मधेच लागतं." स्वस्तातला प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाही, फायली पेन ड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतो. मागाहून घातलेली आरती म्हणून शेवटी. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा किंवा लहान घ्या, फॅट३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट करा (पुष्कळ गाड्यांमधले प्लेअर एक्सफॅट ही नवी मांडणी ओळखतच नाहीत), फायलींच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे शून्यासह आकडे द्या आणि क्रमाने कॉपी करा. नाहीच जमलं तर फॅटचा क्रम लावून देणारी छोटी फुकट साधनं आहेत. चौकोन नको असतील तर या पेन ड्राइव्हपुरती फायलींची आणि टॅगची नावं रोमन लिपीत ठेवा. मूळ पेटीत मात्र मराठीच. मी याची वेगळी प्रतच ठेवली आहे.

मग पैसे द्यायचे की नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझं उत्तर आता पक्कं आहे: पेटी आवरण्यासाठी एक रुपयाही देऊ नका. टॅगसाठी एमपी३टॅग, कॅसेट भरायला ऑडॅसिटी, दोन्ही फुकट. वाजवायला आणि वही ठेवायला विंडोजवर म्युझिकबी किंवा फूबार२०००, हेही फुकट. मी म्युझिकबीवर स्थिरावलो, कारण माझ्यासारख्या माणसाला ते पहिल्याच दिवशी कळतं. फूबार हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर उडतं, पण ते आपल्याला हवं तसं मांडून घ्यावं लागतं आणि त्यात एखादा रविवार जातो. व्हीएलसी हवंच, काहीही वाजवतं, पण हजारो गाण्यांची वही ठेवायला मी ते वापरत नाही. फोनवर म्युझिकोलेट: फुकट, जाहिरात नाही, इंटरनेटही मागत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. व्हीएलसी आणि ऑडॅसिटी मुक्त स्रोताची आहेत, उद्या बनवणारा थांबला तरी दुसरा कुणी पुढे नेऊ शकतो. फूबार, म्युझिकबी फुकट आहेत, पण त्यांचा स्रोत बंद आहे. विनॅम्प १९९७ पासून घरोघरी होतं, तरी २०१३ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. म्हणून माहिती फायलीत ठेवा, वहीत नको. म्युझिकबीमध्ये तारेसुद्धा फायलीत लिहायची सोय आहे, ती चालू करा.

पैसे कुणी द्यावेत? लाखभर गाणी आहेत, घरात दोन-तीन खोल्यांत वेगवेगळं संगीत हवंय, आवाजाची बारीक जुळवणी करायचीय, त्यांनी जेरिव्हर बघावं. ३० दिवस वापरून बघता येतं, पण परवाना त्या आवृत्तीपुरता असतो, मोठी नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे, हे आधी जाणून घ्या. मीडियामंकी मधलं आहे, फुकट आवृत्ती वापरा, अडलं तर विकतची गोल्ड घ्या. फोनवर पॉवरअँपला थोडे पैसे मोजावे लागतात, पण इक्वलायझर वाजवून बघितलं की कुरकुर थांबते. "नावं आपोआप भरून देतो" या जाहिरातीला भुलून मात्र पैसे देऊ नका. आपोआप म्हणजे कुणीतरी आधी कुठेतरी भरलेल्या माहितीवरून. धुळ्याच्या नाक्यावर विकल्या गेलेल्या अहिराणी कॅसेटची माहिती तुम्ही-आम्ही भरली तरच असणार. पिकार्ड नावाचं फुकट साधन आणि त्यामागची म्युझिकब्रेन्झ ही यादी लोकांनीच भरलेली आहे, तिथे भर घालता येते.

आणि चोरीचं पैशाचं सॉफ्टवेअर नको. "भाऊ, क्रॅक आहे माझ्याकडे" म्हणणारा प्रत्येक गल्लीत असतो. त्याच क्रॅकनंतर माझ्या एका मित्राच्या दुकानाचा हिशोब दोन दिवस उघडत नव्हता.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला की डिस्क माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. दुसरी प्रत दुसऱ्या घरी. माझी एक धुळ्यात, एक मामांकडे, गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या खणाशेजारी.

राहता राहिल्या त्या पुसलेल्या २१४ फायली. नावं कुठेच नाहीत. म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मामीकडे जातो, लॅपटॉप ओट्यावर ठेवतो, एकेक वाजवतो. पहिल्या दोन ओळींतच ती सांगते: हे आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं), हे जात्यावरचं, ही गाणारी पारोळ्याची, हिचा आवाज सर्दीने बसलाय. मी गायिकेच्या रकान्यात नाव आणि कॉमेंटच्या रकान्यात कॅसेटचा नंबर आणि बाजू लिहितो. आजवर ६३ झाल्यात.